खाटा किती होत्या

बाबा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुम्हाला काही विचारावंसं मला वाटलं नव्हतं. आता वाटतंय, आणि विचारायला आईही राहिली नाही. मी वकील झाले हे तुम्ही पाहिलं नाही. प्रताप नगरात दोन खोल्यांचं घर आहे, त्यातली एक खोली कागदांनीच भरलेली. सभा घेतली, पत्रक वाटलं, मोर्चात चालले, एवढ्यावरून ज्यांना आत टाकतात अशा लोकांचे खटले मी चालवते. पेपरात येणारे नव्हेत. तालुक्याच्या कोर्टातले, जिथं एका तारखेसाठी माणूस दोन बस बदलून येतो आणि पुढची तारीख घेऊन जातो.

तुमचं दुकान पोलीस चौकीच्या समोर होतं. आजोबांचा माग बंद पडला तेव्हा तुम्ही शिलाई मशीन घेतली, आणि समोरच्याच गिऱ्हाइकांमुळे हळूहळू खाकीचे शिंपी झालात. झडती घ्यायची तर पोलिसांना बाहेरचे दोन पंच लागतात, आणि रस्ता ओलांडला की तुम्ही होतातच. शिपाई दारातून हाक मारायचा, "टेलर, चाला जरा, पाच मिनटाचं काम हाय." तुम्ही तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचायचे आणि जायचे. पाच मिनिटांत परत यायचे. झडतीला पाच मिनिटं पुरतात का, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं? माझ्या प्रगतिपुस्तकावरही तुम्ही न वाचताच सही करायचे. गणितात नापास झाले त्या वर्षी त्याचा मला फायदाच झाला.

मग मागच्या गल्लीतल्या त्या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाची केस. वस्तीला घरं पाडायच्या नोटिसा आल्या होत्या आणि तो हातानं लिहिलेली पत्रकं भिंतींवर चिकटवायचा. त्याच्या खोलीत खाटेखाली तलवार सापडली असा पंचनामा झाला, आणि त्यावर तुमची सही होती. दीड-दोन वर्षांनी तुम्हाला साक्षीला बोलावलं. त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात ते मला अजून दिसतं. आई स्टोव्हपाशी बसून वांगी चिरते आहे. तुम्ही चप्पल न काढताच स्वयंपाकघरात येता, हे तुम्ही कधी करत नसता, आणि उभ्यानंच सांगता, "मी सांगून आलो का मी खोलीत गेलोच नव्हतो म्हणून."

आईचा हात थांबतो. "काहून? कोणी सांगितलं होतं तुमाले?"

"वकिलानं विचारलं नं वं. खोलीत खाटा किती होत्या म्हणे. मी खोलीच पायली नव्हती. मंग काय सांगू?"

"एक सांगायची."

"अन् दोन असल्या तं?"

आईनं वांगी पाण्यात टाकली. मी नववीत होते, दाराशी उभी होते, आणि मला वाटलं तुमच्याकडून काहीतरी मोठी चूक झाली आहे.

चूकच झाली असं सगळ्यांनी धरलं. चौकीतून गणवेश येणं बंद झालं. माप घेऊन ठेवलेले दोन पँटपीस शिपाई तसेच उचलून घेऊन गेला. शाळेत एका मुलीनं सगळ्यांसमोर म्हटलं, "हिचा बाप फितूर झाला." घरी येऊन मी तेच तुमच्या तोंडावर म्हटलं. तुम्ही मशीन थांबवली. "फितूर म्हंजे काय, मालूम हाय का तुले?" मी नाही म्हटलं. "मंग पयले मालूम करून घे, अन् मंग बोल." त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही फॉल-पिको आणि शाळेचे फ्रॉक शिवले. मी बारावीत असताना कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत गेलात. लोक मला विचारतात, वकील का झालीस, तेव्हा मी हा किस्सा सांगते. लोकांना आवडतो. त्यात तुम्ही शूर असता. खरंच होतात का, हेच मला कळेनासं झालंय.

झालं ते असं. एका गावात कोळशाच्या ट्रकांच्या धुळीबद्दल सभा होती, रीतसर परवानगी घेतलेली. ऑटोला भोंगा बांधून एक माणूस गावभर सभेची वेळ सांगत फिरत होता. त्याला पकडलं. पंचनाम्यात आलं की ऑटोच्या मागच्या सीटखाली दगडांची पिशवी आणि दोन लोखंडी सळया मिळाल्या. अकरा दिवस तो आत होता. बाहेर आला तरी ऑटो ठाण्याच्या आवारातच, जप्तीत. केस माझ्याकडे आली. पंच कोण, तर ठाण्यासमोर पंक्चर काढणारा पन्नाशीचा माणूस. साक्षीला इस्त्रीचा सदरा घालून आला होता. नखांतलं काळं मात्र निघालेलं नव्हतं.

पिंजऱ्यात त्यानं सरकारी वकिलांपुढे सगळं बरोबर सांगितलं. दगड पाहिले, सळया पाहिल्या, सही माझीच. उलटतपासणीला मी उठले तेव्हा माझ्या हातात फारसं काही नव्हतं. मी सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही ऑटोची कामंही करता?"

"करतो नं, मॅडम. वीस वर्षं झाली."

"मग या ऑटोची मागची सीट कशी उचलतात?"

"ते उचलत नाही, मॅडम," तो लगेच म्हणाला. कारागिराला आपल्या कामाचं विचारलं की तो खोटं बोलायचं विसरतो. "नटानं कसली राहते. पाना लागते."

"पाना कोणी आणला होता?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. ते पाहणं मला ओळखीचं वाटलं, बाबा, आणि तिथंच मी थांबायला हवं होतं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. मी थांबले नाही. पुन्हा विचारलं. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "मी ऑटोपाशी गेलोच नाही. मले ठाण्यात बलावलं, मी गेलो. जिथं दाखवली तिथं सही केली." सरकारी वकील उभे राहिले आणि साक्षीदार फितूर घोषित करण्याची परवानगी मागितली. रोज ऐकते मी तो शब्द. त्या दिवशी माझ्या हातातले कागद खाली पडले आणि शिपायानं उचलून दिले.

पुढं माझा माणूस सुटला. ऑटो परत मिळाला, गावात पेढे वाटले, मलाही दिले. पण त्या साक्षीच्या दिवशी बाहेर पायऱ्यांवर पंक्चरवाल्याची बायको उभी होती. ती मला म्हणाली, "वकील बाई, तुमच्यासाठी चांगलंच झालं. आमचं दुकान तं ठाण्यासमोरच हाय. उद्या उघडाव का नोको, तेवढं सांगून जा." मी तिला माझा फोन नंबर दिला. काही झालं तर फोन करा म्हटलं. तिचा फोन कधी आला नाही. महिन्याभरानं काही काम नसताना मी त्या रस्त्यानं गेले. दुकान उघडं होतं, आणि तो पोलिसांच्याच मोटरसायकलचं पंक्चर काढत बसला होता. म्हणजे त्याला माफ केलं, की फुकट राबवून घेत होते, की मधल्या दिवसांत त्यानं पुन्हा कुठं सही करून दिली? त्यानं मला पाहिलं, आणि ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली. मी गाडी थांबवली नाही.

तेव्हापासून तुम्हीच डोक्यात आहात. शेवटी मी तुमच्या त्या केसच्या नकलेसाठी अर्ज केला. साक्षींचे कागद केव्हाच नष्ट केलेले, निकाल तेवढा जपून ठेवलेला. रेकॉर्डच्या खोलीत बाकावर बसून वाचला. तो तरुण सुटला होता, पण तुमच्यामुळे नाही. तलवारीच्या पुडक्याला सील नव्हतं आणि दुसरा पंच कोर्टात आलाच नाही, म्हणून सुटला. तुमच्याबद्दल तीनच ओळी आहेत: हा साक्षीदार न वाचता सही करतो आणि नंतर ती नाकारतो, सबब त्याच्या कोणत्याही म्हणण्यावर सरकार पक्षाला किंवा बचाव पक्षाला विसंबता येणार नाही. मी तिथं बसून त्या न्यायाधीशांशी मनातल्या मनात भांडले, आणि भांडता भांडता लक्षात आलं की दुसऱ्या कुणाच्या बापाबद्दल असतं तर मला ते बरोबरच वाटलं असतं. तुम्ही नसतं सांगितलं तरी तो सुटलाच असता. मग गणवेश गेले, आई दोन महिने कुणाशी बोलली नाही, ते कशासाठी? आणि तुम्ही खरं बोललात ते तो निर्दोष आहे म्हणून, की खाटांचा आकडा सुचला नाही म्हणून? दुसरं कारण असेल तर ते कमी खरं होतं का? मी लोकांशी याचं उत्तर असल्यासारखी बोलते. माझ्याजवळ नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. नक्कल देताना तिथल्या म्हाताऱ्या कारकुनानं निकालावर बोट ठेवून विचारलं, "हे टेलर तुमचे कोण?" मी म्हटलं, वडील. तो जरा चाचरला. मग म्हणाला, "या चौकीच्या जुन्या निकालात पंच म्हणून हेच नाव लय ठिकाणी येते, मॅडम. काई लोकायले शिक्षा बी झाली त्याच्यात. काढून ठेवू का?"

समोरच्या पक्षानं एक कागद दडवला तरी मी कोर्टात आकाशपाताळ एक करते. त्या कारकुनाला मी नको म्हटलं, बाबा. वेळ नाही, असं सांगितलं. त्या दुपारी मला वेळच वेळ होता.