पाहुण्यांसमोर वर गेलेला हात

सरोजिनी नगर, नवी दिल्ली

तीर्थस्वरूप तात्यामामांस द्वारकाचा साष्टांग नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो ना? मामींचा दमाही शांत असेल अशी आशा. आम्ही इथे खुशाल आहोत. फक्त तुम्ही आणलेलं स्थळ गेलं. कसं गेलं ते माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहिते.

गुडगावच्या कॉल सेंटरात सध्या आमचं ट्रेनिंग चालू आहे. मराठीत बरं असतं. पोळ्या, चुका, गृहपाठ, भांडी, आपण सगळं ‘करतो’. इंग्रजीत पोळ्या आणि चुका ‘मेक’ करायच्या, गृहपाठ आणि भांडी मात्र ‘डू’. (का, ते गौरव सरांनाही ठाऊक नाही. म्हणतात, "यार, बस याद कर लो.") त्यांचा नियम असा, की कोणी चुकीचं क्रियापद वापरलं की ऐकणाऱ्याने हात वर करून बरोबर शब्द सांगायचा आणि चुकणाऱ्याने थँक यू म्हणायचं. मला हा नियम फार आवडतो. त्यात लहानमोठं कोणी नसतं.

रविवारी संग्राम आणि त्यांचे वडील फरीदाबादहून अलकनंदामावशीकडे मला पाहायला आले. पोहे खाता खाता वडिलांनी माझं इंग्रजी जोखायला विचारलं, "डिड यू गिव्ह युवर फायनल एक्झाम?" (आपण परीक्षा देतो, इंग्रजीत ती घ्यायची असते.) माझा हात वर गेला. मावशीला वाटलं, मी पोहे पुरे म्हणतेय. "टेक, काका," मी म्हणाले, आणि त्यांच्या थँक यूची वाट पाहत बसले.

"अच्छा! म्हणजे सेंट्रल गव्हर्मेंटात जन्मभर मी चुकीचं बोललो?"

विचारलं म्हणून "हो" म्हटलं. संग्रामना ठसका लागला. वडिलांनी बशी खाली ठेवली, आणि निघताना मावशीला म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण आम्हाला ऐकून घेणारी हवी. मामा, मी ऐकलं नसतं तर हात वर गेला असता का?

तुमची भाची
द्वारका

ता. क. हे स्थळ माझ्यामुळे मोडलं तर नोकरी सोडून उदगीरला ये, असं आबांनी बजावलंय. घरात पदवी घेतलेली मी पहिली. ती फडताळात ठेवायला घेतली नाही. तेव्हा पत्रिका जुळली नाही, असं तुम्ही त्यांना सांगाल का? (पत्रिकेवर माझा विश्वास नाही. आबांचा आहे.)

आणखी एक. आत्ताच संग्रामचा फोन आला. वडील म्हणे स्कूटर चालवतानाही ‘टेक, टेक’ पुटपुटतात. पुढच्या रविवारी मी एकटा आलो तर चालेल का, असं संग्राम विचारत होते. मी चालेल म्हटलं. तेव्हा पत्रिका जुळली नाही असं आबांना सांगा, पण फार ठामपणे नको.