उजव्या गालाचा धाकटा भाऊ

ती. सुलभाताईस, मधुसूदनचा तेलीबागहून वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजी फिरायला जातात ना? इथे सगळे मजेत, फक्त माझा चेहरा सोडून. (फोनच करणार होतो, पण तू मध्येच हसत सुटतेस.)

झालं असं, ऋताला बघायला मंडळी येणार म्हणून सरोजने मला व्हिटॅमिन सीचं सीरम आणायला सांगितलं, "स्वस्त आणि गुण येणारं". आता मी पडलो रेल्वेतला इंजिनिअर. चाचणीशिवाय आम्ही साधा नटबोल्ट घेत नाही. हज़रतगंजातून एक महागडं घेतलं: पारदर्शक बाटली, आत चहाच्या रंगाचं पाणी. ते बघून निशातगंजच्या दुकानदाराने कपाळाला हात लावला. "भाईसाहब, ये तो धूप खा चुका है. दस परसेंट वाला लीजिए, गहरे रंग की शीशी में. और सनस्क्रीन मत भूलिएगा." तेही घेतलं, निम्म्याहून कमी किमतीत! मी रोज सकाळी महागडं डाव्या गालाला आणि स्वस्त उजव्या गालाला लावू लागलो. (सरोजला म्हटलं, तुझ्या चेहऱ्यावर प्रयोग होऊ देणार नाही. तिने तोंडाला पदर लावला. भारावली असावी.)

महिन्याभरात उजवा गाल तिशीत गेला, डावा मात्र पेन्शनच्या वाटेवरच. ऋता म्हणाली, "पापा, आप हाफ-हाफ लग रहे हो यार." साहेबसुद्धा उजवीकडून आले की 'मधु' म्हणत आणि डावीकडून आले की 'मधुसूदनजी'.

मंडळी आली तेव्हा नेमकी लाइट गेलेली. मुलाची आई, अनघाबाई, माझ्या उजवीकडे बसल्या. भरपूर गप्पा झाल्या. मग त्या ऋताशी बोलायला आत गेल्या, परत येऊन डावीकडच्या खुर्चीत बसल्या आणि मला नव्याने नमस्कार करून म्हणाल्या, "अच्छा, तुम्ही ऋताचे बाबा! मघाचे तुमचे धाकटे भाऊ कुठे गेले?"

ताई, पोरीच्या लग्नाचा प्रश्न! अर्ध्या तोंडाला सीरम फासणारा व्याही कुणाला हवाय? मी बोलून गेलो, "तो सब्जी आणायला गेलाय."

काल त्यांचा फोन आला. ऋता पसंत आहे. शिवाय त्यांची शेंडेफळ बहीण स्वरदा (अजून तिशीतली, बँकेत अधिकारी, आजवर एकही स्थळ पसंत पडलेलं नाही) माझ्या भावाला बघायला रविवारी येतेय. मी कालपासून भाऊ शोधतोय.

तुझा,
मधू

ता. क. तुझा समीर उजवीकडून थेट मामावर गेलाय, असं तूच म्हणतेस. त्याला शनिवारी इथे धाड. फक्त मला 'दादा' म्हणायची सवय करून घे म्हणावं.

आणखी ता. क. वन्सं, मी सरोज. पाकीट चिकटवायच्या आधी लिहितेय. दोन्ही सीरमं पहिल्या दिवसापासून माझ्या कपाटात आहेत. ह्यांच्या बाटल्यांत मी गुलाबपाणी भरलंय, पारदर्शक बाटलीत रंगापुरता कोरा चहा घालून. डाव्या बाजूची दाढी हे कायम अर्धवट करतात आणि त्या दिवशी खिडकी उजवीकडे होती, एवढंच. (स्वस्तातलं खरंच छान आहे, तुम्हीही घ्या.) अनघाबाईंना मी सगळं सांगून टाकलंय, त्यांचं हसणं अजून थांबलेलं नाही. समीरला मात्र पाठवाच. त्याला मामाच म्हणू दे. स्वरदा फार गोड मुलगी आहे.