चारूचा वाटा

बोईसर, ५ जानेवारी २०२६

ती. जमुनाताईस सा. न. वि. वि.

आईने मला पाटल्या दिल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. इथे पाम गावाजवळ तयार घर मिळतंय. बँक कर्ज देते, पण डाउन पेमेंटला पाटल्या मोडूनही कमीच पडतंय. सरकारी घरकुल योजनेतून मदत मिळेल. त्यासाठी बाबांच्या घरातल्या माझ्या वाट्याचे कागद करायचेत, तुझी सही लागेल. २२ तारखेला, गुरुवारी पालघरला ये, बाकी भेटीत सांगते. आईला सांगू नकोस, ती कागदांना घाबरते.

माझ्या दर्पणला मावशीच्या हातचं बोंबलाचं भुजणं हवंय. धाकटीवरचा लोभ आटवू नकोस.

तुझी चारुता

सातपाटी, १० जानेवारी

चि. चारुतास आशीर्वाद.

मी येणार नाही. सरळच लिहिते, तुझ्यावर जळते मी. शिक्षण तुला, पगारदार नवरा तुला, आता लिफ्टचं घरही तुला! आईपाशी राहून बोंबील वाळवायला मी. होडीच्या इंजिनासाठी पाटल्या मागितल्या, तर आई म्हणाली की त्या मोडायच्या नाय. आणि आता वाटा विकून माझ्या ओट्यावर परका आणून बसवतेस? शेजारच्या नलूकाकी म्हणतातच, धाकटं ते लाडकं.

राग गेला की माया करीन.

जमुना

बोईसर, १४ जानेवारी

ती. ताईस सा. न.

अगं खुळे, वाटा विकत नाही, तुला सोडते आहे! माझ्या नावावर पक्कं घर असलं तर मदत नाही, असं बँकेतल्या बाईंनी सांगितलं. म्हणून हक्कसोड. अख्खं घर तुझं. पाटल्यांचं तुझं भांडण मात्र खरं आहे, मला तेव्हाच नको म्हणता आलं असतं. सही करताना मी रडणार, हसू नकोस. कागदावरचं माहेर जातंय माझं.

तिळगूळ घे, आणि ये.

चारू

सातपाटी, २३ मार्च

चि. चारूस आशीर्वाद.

काल तुझ्या गृहप्रवेशाहून परतताना वाटलं, आता जळायला काही उरलं नाही. तुझी स्वयंपाकाची खोली पाहून थोडी जळले, पण तेवढं चालतं.

घरी पोचलो आणि आई पिशवी भरायला लागली. म्हणाली, दर्पण शाळेतून येतो तेव्हा घरात कोण नाय, आता मी चारूकडं राहणार. मी म्हटलं, आता तर अख्खं घर आपलं झालं. तर म्हणाली की तुला घर हाय, तिला माणूस नको काय?

उद्या शेजारचे नीलेशभाऊजी तिला रिक्षाने आणून सोडतील. खोकला आहे, पाणी कोमटच दे. घर मिळाल्याचा आनंद करायला बसले होते गं, पण दाखवू कोणाला? चारू, पाटल्या तुझ्याच, वाटाही परत घे. आईला तेवढं माझ्याकडे राहू दे.

तुझी ताई