पितळी टोपणं

मंगळ. २२ जुलै
सकाळपासून रांग. नलवडे काका मिरजेहून परतताना मलकापूरला आमच्या टायरच्या दुकानात थांबले. रिटायर्ड सुभेदार, वाईजवळच्या गावचे, आमच्या आबांचे पलटणीतले दोस्त. आबांची सून म्हणून मला पोरी म्हणतात. काकूंची केमो चालू आहे, दर पंधरा दिवसांनी मंगळवारी मिरज. त्या मागच्या सीटवर डोळे मिटून आडव्या.
काकांची तक्रार तीच. डॅशबोर्डवरचा टायरच्या हवेचा पिवळा दिवा जात नाही, मागचं डावं चाक दाखवतोय. आमच्या मिस्त्री दत्ताभाऊंनी तीन चाकांची हवा मोजली, तिन्ही ३३. चौथ्याच्या वॉल्व्हचं टोपण फिरेना. "वहिनी, जाम झालंय. तीन बरोबर हायती म्हंजे चौथं बी आसंलच की." बुक्की मारून बघितली, टणक लागलं. मी म्हटलं, सेन्सर गेलाय, आजकाल सगळ्यांचेच जातात.
"मग ह्या दिव्याचं काय करू? नजर सारखी तितंच जाती."
माझ्या हातात काळी चिकटपट्टी होतीच. दिव्यावर लावून दिली. आता बघूच नका म्हटलं. काका हसले. "हुकूम."
नंतर चार अलाइनमेंट, दोन पंक्चर. पाठ मोडली.

गुरु. ३१ जुलै
वाईट दिवस.
कराडच्या डॉक्टरबाई हवा भरायला आल्या. टोपण जाम. दत्ताभाऊ जेवायला गेलेले, म्हणून मीच पकड लावली. कट्कन आवाज आणि टोपणासकट वॉल्व्हचा दांडा माझ्या हातात. हवा सगळी तोंडावर. बाई गाडीतून उतरल्या. "अहो, हे हायवेवर झालं असतं तर?" मी काहीतरी पुटपुटले.
दांडा आतून पांढरा, चुन्यासारखा भुगा झालेला. बोटानं चुरला. टोपणाला काही झालेलं नाही, अजून चमकतंय. पितळी. वर आपल्या दुकानाचं अक्षर कोरलेलं.
गेल्या दसऱ्याला मीच वाटली होती. खंडेनवमीला पान्यांची, जॅकची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी येईल त्या गाडीला आपट्याची पानं, पेढा आणि चार टोपणं. कल्पना माझी. लोकांनी कौतुक केलं, मी फुगले. दत्ताभाऊ नको नको म्हणत होते, पण ते काटकसर म्हणून.

शुक्र. १ ऑगस्ट
कुपवाडला गेले. टोपणं ज्यांच्या लेथवर करून घेतली ते माने. तुटका दांडा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उलटसुलट बघितला आणि मान हलवली.
साध्या गाड्यांना धोका नाही, म्हणाले. तिथं वॉल्व्ह रबरी, आतली नळी पितळेचीच. सेन्सरवाल्या गाडीचा दांडा अ‍ॅल्युमिनियमचा. त्यावर पितळ चढवलं आणि पावसापाण्यात गाडी फिरली की पितळ त्याला खातं. आधी टोपण धरून बसतं, मग दांड्याला चिरा, हवा थोडी थोडी जाते, आणि एक दिवस तुटतो.
"वहिनी, तवाच इचारलं हुतं, कसल्या वॉल्व्हावर बसवताय. तुमी म्हणला, सगळ्या."
म्हणाले होते. आठवतंय. घाईत होते, वर त्यांच्यावरच खेकसले होते. पंधरा वर्षं टायरच्या धंद्यात, आणि हे मला माहीत नाही! लाज वाटली.
येताना पेठ नाक्याला चहा घेतला. कप तोंडाशी नेला आणि आठवलं. नलवडे काकांचं चौथं चाक. जाम टोपण. ते आम्ही मोजलंच नव्हतं.
दिवा खरं सांगत होता. त्यावर पट्टी मी लावली.
चहा तसाच ठेवून निघाले.

शनि. २ ऑगस्ट
काकांचा फोन बंद. कालपासून बावीस वेळा लावला.
दसऱ्याची वही काढली. त्यात सेन्सरच्या गाड्या सतरा. काका सोडून अकरा जणांचे नंबर आहेत. बाकीचे आपल्या पद्धतीनं लिहिलेले: "लाल, उंब्रजचे वकील", "पांढरी, मलकापूर, मुलगी डेंटिस्ट". हसू आलं असतं एरवी.
आबांना सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग, "लोकांना बोलवून घे, सर्व्हिसिंग फुकट म्हण, गुपचूप बदल. आपल्या तोंडानं आपली बोंब मारायची नसती." यांचा लेहच्या पोस्टिंगवरून फोन आला, त्यांचंही तेच. "चाळीस वर्षांचं नाव आहे आबांचं, जरा दमानं घे."
मी म्हटलं, आणि फुकट सर्व्हिसिंगला जो येणार नाही त्याचं काय? लाइन कट झाली. का त्यांनी ठेवला, कळलं नाही.
रडले. मग अकराही जणांना फोन केले आणि आहे ते सांगितलं. चूक माझी, टोपणाला हात लावू नका, गाडी हळू आणा.

रवि. ३ ऑगस्ट
पहाटेच वाईकडे. साताऱ्यापर्यंत रस्त्याच्या कडेला उभी असलेली प्रत्येक गाडी वाकून बघत होते. खंडाळ्याकडून एक रुग्णवाहिका आली, ती जाईपर्यंत गाडी कडेला घेऊन थांबले.
काकांच्या दाराला कुलूप. शेजारची बाई अंगण झाडत होती.
"आवं, ते कालच गेलं की सांगलीला, लेकीकडं. मंगळवारी मिरजंला जायचंय न्हवं."
लेकीचा नंबर?
"न्हाई बा. इश्रामबागंत ऱ्हाती म्हंत्यात. आन काकांचा फोन तर हिरीत पडला."
म्हणजे वाई ते सांगली, काल, त्या चाकावर. पोचले असतील का? वाईट बातमी असती तर गावात कळली असती, असं स्वतःला समजावत परत आले. दत्ताभाऊ रविवार असून दुकानात होते. तीन गाड्यांचे दांडे बदलून ठेवलेले. जेवले नव्हते.

सोम. ४ ऑगस्ट
सात गाड्या झाल्या. त्यातल्या पाच गाड्यांच्या दांड्यांना चिरा होत्या. पाच! एकीचं तर टोपण फिरवायचीही गरज पडली नाही, नुसता हात लागला आणि दांडा तुटला.
लोकांचं म्हणाल तर, डॉक्टरबाईंनी स्वतःहून दोघांना कळवलं. उंब्रजचे वकील सापडले, त्यांनी दहा मिनिटं ऐकवलं. "फुकटचं देताय म्हणून असलं द्यायचं व्हय?" ऐकून घेतलं. एक बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." त्यांच्या आवाजानं जास्त लागलं.
दत्ताभाऊ संध्याकाळी पान्याला फडकं मारत म्हणाले, "बुक्की मी मारली हुती, वहिनी. पट्टीचं तुमचं, बुक्कीचं माजं." उद्या दोघं मिरजेला जाणार. मीटर, दांडे, हवेचा पंप, सेन्सर जुळवायचं मशीन गाडीत ठेवलं.

मंगळ. ५ ऑगस्ट
साडेसहाला हॉस्पिटलच्या गेटवर. सात. साडेसात. वॉचमन दोनदा हटकून गेला. आठला मी दत्ताभाऊंवर उगाच ओरडले.
आठ वीसला गाडी वळली. मागचं डावं चाक बसलेलं, लांबूनच कळत होतं. मी पुढं धावले, काकांनी करकचून ब्रेक मारला.
"अगं पोरी, तू हितं?"
काकूंना आधी आत पोचवलं. मग पार्किंगमध्ये, माणसं येत-जात असताना, सगळं सांगितलं. टोपणं, पितळ, चौथं चाक न मोजलेलं. दत्ताभाऊंनी मीटर आणलं, पण टोपण निघेना, म्हणून जॅक लावून चाकच काढलं. टायर सोडवताना दांडा तुटून खाली पडला. सिमेंटवर टिचकन आवाज झाला.
काका तो तुकडा उचलून बघत राहिले. रागावतील असं वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.
"शनवारी पेठ नाक्याजवळ गाडी डावीकडं वडत हुती," म्हणाले. "ही म्हणाली थांबा. मी म्हणलं, काय न्हाई, पोरीनं बघितलंय."
बोनेटला टेकले.
चारही चाकांना नवे दांडे घातले, साधी प्लॅस्टिकची काळी टोपणं लावली, मशीनवर सेन्सर जुळवले. पट्टी मी नखानं खरवडून काढली. तिथं चिकट डाग राहिला. दिवा गेलेला होता. काकांना म्हटलं, बघा, विझला.
"विझला का बिगडला, मला कसं कळायचं आता?"
मीटर काढून त्यांच्या हातात दिलं, चारही चाकं त्यांनाच मोजायला लावली. मोजली. तरी समाधान दिसेना.
दुपारी दोनला काकू बाहेर आल्या. काकांनी मागचं दार उघडून धरलं. "बस. मलकापूरपतूर तू बी ह्याच गाडीत."
बसले. काकूंनी माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. किती हलकं! काका साठच्या वर गेले नाहीत. मी डॅशबोर्डवरून नजर काढली नाही, आणि आरशात दिसत होतं, काकांनीही नाही. दत्ताभाऊ मागून आमची गाडी घेऊन येत होते.
दुकानापाशी उतरले तेव्हा काका म्हणाले, "पंधरा दिसांनी येतो. मोजून घेऊ." माफ केलं का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

बुध. ६ ऑगस्ट
दुकानासमोर फळा लावला. दसऱ्याची पितळी टोपणं असतील तर हात न लावता आत या, चूक आमची आहे. आबा बाहेर आले, वाचलं. काढतील वाटलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि फळ्याशेजारीच बसले.
सतरापैकी चौदा झाल्या. दोघं उद्या येतो म्हणाले. मलकापूरच्या डेंटिस्टची पांढरी अजून सापडली नाही, दत्ताभाऊ गल्लीगल्लीत विचारतायत.
पण वहीत फक्त आपली गिऱ्हाइकं आहेत. दसऱ्याच्या दिवशी मी हायवेवर हात करून अनोळखी गाड्याही थांबवल्या होत्या. मोबाइलमधले दसऱ्याचे फोटो आज एकेक करून मोठे करून बघितले. एकात निळी गाडी आहे, कर्नाटकाकडं चाललेली. मागच्या काचेतून एक लहान मुलगी आपट्याचं पान दाखवतेय. मी चाकाशी वाकलेय, हसतेय. नंबरप्लेटच्या पुढं नेमका दत्ताभाऊंचा पाय.
त्या गाडीला सेन्सर होते का, आठवत नाही.