मद्रासला जाण्याआधी

बाबा, आज ठाण्याला आमच्या समितीची बैठक होती. रसायन अभियांत्रिकीच्या परिषदेला कोणत्या तरुण संशोधकांना पाठवायचं, कोणाचा प्रवासखर्च उचलायचा, हे आम्ही चौघं ठरवतो. निवृत्त झाले तरी मला तिथे ठेवलंय, कारण नाही म्हणताना मला वेळ लागत नाही. यंदा निवडलेल्यांत विठ्ठलवाडीची एक मुलगी आहे. कापडाच्या सांडपाण्यातला रंग काढण्यावर तिचं काम आहे आणि ते चांगलं आहे. बैठकीआधीच ती दारात येऊन उभी राहिली. वडिलांचं डायलिसिस चालू असतं, ते आता पुन्हा कल्याणच्या हॉस्पिटलात आहेत आणि डॉक्टर फारसं काही बोलत नाहीत. "पण मी जाणारे मॅडम," ती घाईघाईने म्हणाली. "पप्पाच म्हणतात, जा. इथे बसून काय मशीनला वारा घालणार?"

तुम्हीही असंच बोलला होतात. मोहन्याच्या चाळीतलं आपलं स्वयंपाकघर. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून बसलाय, बसल्या बसल्या धाप लागतेय, आणि मद्रासच्या परिषदेत जे बोलायचं ते मी तुम्हाला मराठीतून समजावतेय. अख्ख्या विभागातून कॉलेजने माझ्या एकटीचा खर्च मंजूर केला होता. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला बरं वाटेपर्यंत थांबते. तुम्ही चिडलात. "मी काय दूध आहे उतू जायला? लक्ष ठेवून बसणारेस?" आईला हसू आलं. "आणि सगळ्या चाळीला सांगून बसलोय मी. आता तोंडघशी पाडू नकोस." मग मी बॅग भरली.

भाषण चांगलं झालं. लोकांनी प्रश्न विचारले, मी ठणकावून उत्तरं दिली. खाली उतरल्यावर आयोजकांनी मला बाजूला नेलं. तुम्ही गेल्याचा निरोप आदल्या दिवशीच आला होता, पण बोलून होईपर्यंत पोरीला कळवू नका, असं तुम्हीच घरी बजावून ठेवलं होतंत. मी पोचले तेव्हा आपली चूल थंड होती आणि शेजारच्या काकू पिठलंभात घेऊन आल्या होत्या. किती मोठ्या मनाचा माणूस, असं जो तो म्हणत होता. मी मान हलवत होते. पुढे नोकरीभर विद्यार्थ्यांनाही मी तेच ऐकवलं: घरच्या अडचणी कोणाला नसतात, जा.

आज त्या मुलीलाही तेच सांगायला तोंड उघडलं, आणि विचारलं भलतंच. "पप्पांचं कळलं. तुला जायचंय का?"

ती ओढणीचं टोक पिळू लागली. "त्यांच्या तोंडावर नाही म्हणता येत नाही, मॅडम."

"मग मी म्हणते. मॅडमनी यादीतून नाव काढलं म्हणून सांग घरी."

बैठकीत मी तिचं नाव यादीतून काढा म्हटलं. "तुम्ही, मॅडम?" शेजारचे सर म्हणाले. "तुम्ही तर पोरांना हळदीतून उठवून पाठवलंय." मी म्हटलं, परिषद पुढच्या वर्षी पुन्हा होणार आहे. तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला दिली, पण अट घातली. आपल्या पोस्टरशेजारी तो तिचंही पोस्टर लावील, तिच्या नावाने लोकांना समजावून सांगेल आणि आलेले प्रश्न लिहून आणून तिला देईल. बाहेर आले तोवर ती रिक्षाने निघूनही गेली होती.

तिचं भलं केलं की नुकसान, मला माहीत नाही. पुढे कधी ती मला बोल लावील, आणि तिला तो हक्क आहे. तुम्हाला तर हे मुळीच पटलं नसतं. आता जे लिहितेय ते आईला मी कधी सांगितलं नाही, आणि हा कागदही कोणाला दाखवायचा नाही. त्या संध्याकाळी मला मद्रासला जायचं होतं, बाबा, फार जायचं होतं. तरीही बॅग भरताना मी मुद्दाम हळूहळू घड्या घालत होते. तुम्ही एकदा थांब म्हणाल, असं वाटत होतं.