हातभर लांबीची गाडी

बिदिया,
गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रिय झहरान,

सलाम. घरी सगळे मजेत असाल. आमची बकरी व्याली. दोन पिल्लांपैकी एकाला तुझ्या रय्यावहिनीनं तुझं नाव दिलंय, कारण ते सारखं ओरडतं.

मुख्य बातमी म्हणजे मी रिमोटवरची गाडी घेतली. हसून झालं की पुढे वाच.

मस्कतचा दुकानदार एक लाल, चपटी गाडी पुढे करत होता. म्हटलं, "ही डांबरावरची. वाळूत पोट टेकेल."

"काका, नातवाला काय फरक पडतो?"

"नातू नाही. मला हवीये."

तेव्हा कुठे त्यानं बाकीच्या गाड्या पुढे केल्या. मी एकेक गाडी उलटी करून पाहिली. पोट उंच हवं, ताकद चारही चाकांना हवी, मोटर अशी झाकलेली हवी की वाळूचा कण आत जाता कामा नये. पेट्रोलवालीचा आवाज झकास होता. पण आपल्या बारीक वाळूपुढे तिचा फिल्टर टिकणार नाही, हे मी बघताक्षणी ओळखलं. शेवटी बॅटरीची घेतली आणि मागे वल्ह्यासारख्या पट्ट्यांचे टायर बसवून घेतले. मला हे कुणी शिकवलेलं नाही, तुला ठाऊकच आहे.

घरामागच्या वाळूच्या टेकडीवर नेली. वाळू चढण्याआधी मोठ्या गाडीची करतो तशी, पायथ्याशी सवयीनं आधी टायरची हवा कमी करायला बसलो. हवेचं तोंडच सापडेना! चाकं फिरवून फिरवून पाहिली.

"अहो, आत स्पंज आहे," रय्या म्हणाली. "दुकानदार सांगत होता, तेव्हा तुम्ही त्याला शिकवत होतात."

चढली मात्र सुरेख. वळून माझ्याकडे यायला लागली आणि डावीकडे वळवायला गेलो तर उजवीकडे, थेट झुडपात. दोनदा. रय्यानं रिमोट हिसकावला आणि गाडी अलगद खाली आणली. वर म्हणते, "पोरांना समोर बसवून चपला घातल्यात मी. समोरच्याचं डावं-उजवं उलटं असतं, हे तुम्हाला आज कळलं?"

तिचा हात चांगला आहे. हे तिला सांगू नकोस.

झहरान, टायरपाशी बसलो होतो ना, तिथून मला एकट्याला उठता आलं नाही. रय्यानं काखेत हात घालून उठवलं. मोठ्या गाडीचा गिअरबॉक्स उघडलाय म्हणून शुक्रवारी तुमच्याबरोबर टेकडी चढवायला येत नाही, असं तुला सांगत होतो. गिअरबॉक्स ठणठणीत आहे. बिघडलाय तो माझा मणका. डॉक्टर म्हणाले, टेकडीवरून एकदा जोरात आदळलात तर पाय जातील. फोनवर तू मधेच बोलतोस आणि मग मी विषय बदलतो, म्हणून हे लिहिलं. तू माझ्यावर रागावलायस असं कानावर आलं. राग काढून टाक. स्टिअरिंग सोडून तुम्हा सगळ्यांसमोर कसं उभं राहायचं, तेच कळत नव्हतं.

रय्या तुमच्याकडे कॉफीला येतेय. तिच्याकडे पत्र आणि मोठ्या गाडीची चावी दिलीये. उद्या ती गाडी टेकडीवर तू चढव. शेवटच्या चढाला तू नेहमी घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतोस, तसा उचललास तर सगळ्यांदेखत शिव्या घालीन. तुझी फेरी झाली की रिकाम्या टेकडीवर माझी छोटी चढेल. तेव्हा मात्र तुम्ही खुशाल हसा.

तुझाच,
उद्या टेकडीच्या पायथ्याशी, स्वतःच्या दोन पायांवर उभा असलेला,
खल्फान