परत सांगणारी

प्रिय दादा,

प्रिय म्हणायची सवय आहे म्हणून लिहिलं. आज तेवढ्यावर जाऊ नकोस.

रविवारी तू सुधारलेल्या बायबलची कोरी प्रत आईच्या मांडीवर ठेवलीस. संपादकांत तुझं नाव पहिलं. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? मग ती बारा वर्षांची मुलगी मरून उठते तो उतारा तू तिला वाचून दाखवलास आणि मास्तरासारखा म्हणालास, "हं, आता सांग परत." आई खिडकीकडे बघत राहिली. तू वाढलेल्या पानावरून न जेवताच उठलास, आणि जिन्यात मला म्हणालास, "संपलं गं. काही राहत नाही तिच्या डोक्यात."

दादा, आई बायबलच्या भाषांतराच्या कचेरीत केर काढायला जायची. एकदा तिथले मुख्य भाषांतरकार, थोरले सर, म्हणाले, "बाई, जरा बसा. ऐका, आणि समजलं तसं परत सांगा." तेव्हापासून अकरा वर्षं ती परत सांगत होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणूनच ती त्यांना हवी होती. या उताऱ्यात मुलगी उठल्यावर येशू काय सांगतो, ते त्यांनी लिहिलं होतं, "तिला अन्न देण्यात यावे." आई सगळं सांगायची आणि नेमकं तेवढंच गाळायची. तीनदा गाळलं. सरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "असं नोटिशीत लिहितात. पोर उठून बसलीय! माणूस म्हणेल, अहो बघत काय राहिलात, तिला आधी काहीतरी खायला द्या." सरांनी आपली ओळ खोडली आणि तिची लिहिली. आपली मधली बहीण तापात गेली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सरांना हे माहीत नव्हतं. तुला होतं.

नव्या प्रतीत काय आहे? "तिला भोजन देण्याची आज्ञा केली." आणि प्रस्तावनेत लिहिलंयस की जुन्या आवृत्तीतली घरगुती बोली काढून टाकली. कुणाच्या घरची रे, दादा? त्याच कचेरीच्या पगारावर तुझी पुस्तकं आली, तुझे बूट आले. ती ओळ खोडताना तुझा हात जरासुद्धा थांबला नाही? तिला एकदा विचारायचं तरी होतंस. पण मोठ्या माणसांना कुठली सवड!

तू गेल्यावर मी जुनी प्रत काढली, पाठ निखळलेली. तोच उतारा वाचला. आईने डोळे मिटले आणि परत सांगितला: रडणाऱ्यांचा कल्लोळ, हसणाऱ्यांना बाहेर काढणं, पोरीचा हात धरणं, आणि शेवटी खायला देणं. एक गोष्ट गाळली नाही. ऐकणाऱ्याला परत सांगता आलं नाही तर खोट मजकुरात असते, हा थोरल्या सरांचा नियम. भाषणात तो सांगून टाळ्या तूच घेतोस.

मंगळवारी पोस्टाने वृद्धाश्रमाचा अर्ज आला. माझ्या सहीच्या जागी तू पेन्सिलीने फुली करून ठेवलीयस, आणि वर तुझ्याच अक्षरात, "स्मृती गेली आहे." तो अर्ज सोबत परत पाठवतेय. सही केलेली नाही, करणारही नाही. आई माझ्याकडेच राहील.

उतारा सांगून झाल्यावर तिने डोळे उघडले आणि मला विचारलं, "दादा उपाशी तर गेला नाही ना गं?" मी म्हटलं, जेवून गेला. तुझ्यासाठी बोललेलं हे माझं शेवटचं खोटं.

तुझीच, पण आज फक्त आईची,
धाकटी